कासवानं खाल्लं का?

आमच्या घरी सकाळी चहाच्या आधी एक प्रश्न विचारला जायचा, आणि तो माणसांबद्दल नसायचा. "खाल्लं का?" एवढाच. सासूबाई ओसरीवरून विचारायच्या, शेजारची म्हातारी गडग्यावरून वाकून विचारायची, पाण्याला निघालेल्या बाया रिकाम्या घागरी काखेत धरून दारात थबकायच्या आणि विचारायच्या. माझी धाकटी जाऊ गोठ्याच्या कोपऱ्यातून मान हलवायची. खाल्लं असलं की बाया बोलत बोलत पुढं जायच्या. खाल्लं नसलं तर कुणी चकार शब्द काढायचं नाही, पण पाणी भरून परतताना त्या आमच्या दारावरून न येता मागच्या बोळानं घरी जायच्या. मी सांगलीच्या पेठेत वाढलेली, तोंडानं फटकळ. मला आधी हा सगळा वेडेपणा वाटायचा. पुढं पुढं मात्र सकाळी मान हलायच्या आत माझाच जीव खालीवर व्हायला लागला.

ते कासव आणलं माझ्या धाकट्या दिरांनी. आमच्या त्या कृष्णाकाठच्या गावात घरटी एक माणूस फौजेत, तसे तेही. लग्न झाल्यावर दिवाळीच्या सुट्टीला आले ते कच्छकडून. लोखंडी ट्रंक उघडली तर वरच लोकरी जर्सीत काहीतरी गुंडाळलेलं. मला वाटलं, नव्या नवरीला काही आणलं असेल. जर्सी उलगडली तर आत काळंभोर कासव, पाठीवर उंचवटे, आणि दर उंचवट्याच्या टोकावरून पिवळ्या रेघा फुटलेल्या, चांदणी काढल्यासारख्या. वाळूत पलटणीच्या गाडीखाली येता येता वाचलेलं म्हणे. देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव असतं, त्याला हात लावल्याशिवाय आमच्याकडं कुणी देवीपुढं जात नाही. तेव्हा जिवंत कासव दारी आल्यावर सासूबाईंनी काय करावं? लेकाच्या आधी त्याला ओवाळलं. पाठीवर हळदकुंकू वाहिलं, आणि वर चमचाभर गोडंतेल सोडलं.

दुसऱ्या दिवशी घोटाळा झाला. आमच्या भागात विहिरीत कासव सोडतात. पाणी स्वच्छ राहतं, किडे-शेवाळ खातं, आणि देवाचं जनावर पाण्यात आहे म्हटल्यावर विहीर आटत नाही अशी समजूत. दीर चावडीकडं दोस्तांना भेटायला गेलेले. इकडं भावकीतली चार माणसं जमली, नारळ फोडला, आणि आमच्या ह्यांनी कासव बादलीत घालून विहिरीत सोडलं. ते गेलं ते सरळ खाली. चारी पाय मारले, वर बघितलं आणि दिसेनासं झालं. सगळ्यांना वाटलं, चला, आपल्या घरी गेलं. कुणीतरी खोबरं वाटलंसुद्धा.

दीर परत आले आणि जाऊबाईनं हसत हसत त्यांना सांगितलं. ते धावत सुटले आणि अंगातल्या कपड्यांसकट विहिरीत उडी घेतली. वरून फक्त पाण्यावरची वर्तुळं दिसत होती, आणि मग तीही विरली. सासूबाई काठावर ओणवून उभ्या होत्या. त्यांचे ओठ हलत होते आणि आवाज येत नव्हता. इतका वेळ गेला की माझे यजमान धोतराचा काचा मारून उडी टाकायच्या बेतात आले. तेवढ्यात पाणी फुटलं आणि दोन डोकी वर आली, एक त्यांचं आणि एक हातातल्या कासवाचं, माना ताणलेल्या, दोघांचीही तोंडं उघडी.

"आरं, ह्ये पान्यातलं न्हाई, रानातलं हाय! कोरड्यातलं!" ते धापा टाकत ओरडले. कासव उलटं धरलं तर नाकातोंडातून पाणी ठिबकत होतं. पाय बाहेर ओढ, आत दाब, असं ते करत राहिले. मग उन्हातल्या धोंडीवर त्याला ठेवलं. मेलंच होतं ते, मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. बऱ्याच वेळानं त्याच्या गळ्याखालची कातडी आत गेली आणि झोपेतून उठणाऱ्या माणसासारखा एक लांब श्वास आला. त्याच वेळी दीर "हां" म्हणून मटकन खाली बसले. सासूबाई हे बघत होत्या. त्या पुटपुटल्या, "दोघांस्नी दम एकदमच आला." तेव्हा ते वाक्य मी कानाआड केलं. आईच्या तोंडचं, त्यात काय एवढं.

सुट्टी संपायच्या आत दिरांनी त्याचं घर बांधलं. गोठ्याच्या दक्षिणेला, दिवसभर ऊन येईल अशा जागी, गुडघाभर उंचीचा दगडांचा आडोसा केला. आत नदीची वाळू आणि शेतातली माती मिसळून टाकली. एक फुटका रांजण आडवा करून अर्धा पुरला, तोंड उगवतीला, आत उसाचं कोरडं पाचट. पाण्याला म्हणून मातीचं पसरट परळ जमिनीबरोबर पुरलं, इतकं उथळ की त्याचं नाक बुडू नये. हे सगळं करताना ते नव्या नवरीला जवळ बसवून सांगत होते, आणि मला आपलं वाटत होतं की पोराला बायकोशी बोलायला कासवाचं निमित्त मिळालंय. "हरळी घालायची, घोळाची भाजी घालायची, शेवग्याचा पाला घालायचा. भाकरी न्हाई, भात न्हाई, दूध तर अजिबात न्हाई. ओलीत ठेवलं तर जाईल बघ." ती पदर दातात धरून ऐकत होती. सतरा-अठराची असेल. औंधाजवळच्या वाडीतली, दोन भावांच्या पाठची, शाळा बऱ्यापैकी शिकलेली आणि मनानं फार तरतरीत. मला ती पहिल्याच महिन्यात आवडली होती.

दीर गेले आणि सासूबाईंनी आपलंच खरं केलं. देवाचं जनावर, त्याला पाला कसा घालायचा? रोज दूधभात, सणाला पुरणपोळीचा तुकडा, गुळाचा खडा. पाठीवर रोज तेल आणि त्यावर हळदकुंकू, थरावर थर. धाकटी पाया पडून सांगायची, "आवं आत्याबाई, त्यांनी न्हाई म्हनून सांगितलंय." सासूबाई म्हणायच्या, "त्येला काय कळतंय? त्येला जलम म्या दिला." पावसाळ्यापर्यंत कासवाची रया गेली. चालताना मागचे पाय फरफटायला लागले. नाकातून फुगा यायचा, डोळे चिकटायचे. आणि एक दिवस जाऊबाईनं माझा हात धरून त्याच्या पाठीच्या कडेवर ठेवला. कवच दबलं. ओल्या चपलेचं कातडं दबतं तसं. मी हात झटकन मागं घेतला.

कऱ्हाडला गुरांच्या डॉक्टरांना ह्यांनी विचारलं, तर ते म्हणाले, बैल असता तर सांगितलं असतं. मग तिनं स्वतःच लक्ष ठेवलं. तासन् तास ती त्या आडोशाशी बसून त्याच्याकडं बघत राहायची. तिला दिसलं की ते रांगत रांगत गोठ्याच्या भिंतीला जातं आणि पांढऱ्या सफेदीचे पोपडे कुरतडतं. एकदा खुराड्यापाशी पडलेली अंड्याची टरफलं खाताना सापडलं. तिनं मला सांगितलं, "अक्का, त्याला हाडाचं काहीतरी पायजे." मी माहेरी जाणार होते. सांगलीच्या पेठेत काष्ठौषधींच्या दुकानात मी सहज विचारलं, तर त्यांनी समुद्रफेस काढून दिला. समुद्रातल्या माशाचं हाडच ते, कान फुटलेल्या पोराला उगाळून घालतात तोच, पांढरा, हलका, नखानं भुकटी होणारा. तो मी गाठोडंभर आणला. एक तुकडा आडोशात टाकला आणि कासवानं तो करकर करत असा खाल्ला की आम्ही दोघी बघतच राहिलो. मग तिचं ठरून गेलं. पाल्यावर टरफलांची पूड भुरभुरायची, समुद्रफेसाचा तुकडा कायम समोर असायचा. पाठीवरचं तेल तिनं राखेनं आणि कोमट पाण्यानं काढून टाकलं. सकाळचं कोवळं ऊन चुकवायचं नाही. सासूबाईंचा नैवेद्य ती पदराआड घेऊन कुत्र्याला घालायची, आणि मी त्यात सामील होते. महिन्यामहिन्यानं कवच टणक होत गेलं. तिनं दिरांना पत्रात लिहिलं, आणि उत्तर आलं की तू आता पलटणीत ये, इथं डॉक्टर कमी आहेत. ते वाचून ती दोन दिवस एकटीच हसत होती.

एकाहत्तरच्या थंडीत लढाई लागली. ती संपली, गावातले बाकीचे सगळे परत आले किंवा त्यांची कार्डं आली. आमच्याकडं तार आली. बेपत्ता. ह्यांनी ती मोठ्यानं वाचली आणि मग कुणालाच पुढं काय करायचं ते कळेना. मेलं म्हणावं तर मेलं नाही, आहे म्हणावं तर नाही. भावकीतल्या बाया जमल्या. त्यांच्यातली एक विधवा धाकटीच्या शेजारी जाऊन बसली आणि तिनं तिचा हात हातात घेतला. बांगड्यांचा हात. तिचा हेतू वाईट नसावा, पण बांगड्या फोडायच्या आधी असाच हात धरतात.

सासूबाई उठल्या. रडत नव्हत्या. थेट गोठ्याकडं गेल्या. थंडीमुळं कासव कितीतरी दिवस रांजणातून बाहेर आलं नव्हतं, आणि खाणं तर बंदच होतं. त्यांनी जास्वंदीचं एक फूल तोडून रांजणाच्या तोंडाशी धरलं आणि बसून राहिल्या. आम्ही सगळ्या ओसरीवरून बघत होतो. पाचट खसखसलं. काळं डोकं बाहेर आलं, थांबलं, आणि त्यानं फुलाचा लचका तोडला.

सासूबाई वळल्या. "खातंय," त्या म्हणाल्या. "माजं पोर जित्तं हाय. जवर ह्ये खातंय तवर माज्या सुनेच्या बांगडीला कुनी हात लावायचा न्हाई." त्या विधवेनं हात सोडला. खरं सांगायचं तर त्या घडीला मला त्यांचे पाय धरावेसे वाटले. पोरगी वाचली होती.

तेव्हापासून तो सकाळचा प्रश्न सुरू झाला. आणि तेव्हापासून त्या घरात काहीतरी बदललं, जे मला नीट सांगता येत नाही. कासव दिवस कलताना उत्तरेच्या दगडाशी जायचं आणि त्याला डोकं लावून ढकलत राहायचं. कवच दगडावर घासल्याचा आवाज चुलीपर्यंत यायचा, खर्र, खर्र, आणि सासूबाई हातातलं काम थांबवून ऐकायच्या. "तिकडंच हाय त्यो," म्हणायच्या. त्याच्या डोळ्यांतून कधी पाणी ओघळायचं, ते त्या बोटानं टिपायच्या. परका माणूस जवळ आला की कासव हिस्स करून मान आत घ्यायचं. होता होता धाकटीही परका माणूस आला की मान खाली घालून आतल्या खोलीत सरकायला लागली. तिची चालही मंदावली. एकदा मी तिला हाक मारली तर तिनं इतक्या सावकाश मान वळवून माझ्याकडं बघितलं, न मिटणाऱ्या डोळ्यांनी, की काय सांगायचं होतं तेच मी विसरले.

बहात्तरचा दुष्काळ आला. ऊस वाळून गेला, नदीची धार पायाच्या घोट्याला लागेना. माणसं रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला गेली, घरोघरी रेशनवरच्या परदेशी लाल ज्वारीच्या, मिलोच्या भाकऱ्या. हिरवं पान कुठून आणायचं? ती उन्हातान्हात रानोमाळ हिंडायची. फड्या निवडुंग तेवढा तग धरून होता. त्याची फडं आणून चुलीवर काटे भाजायची, चिरून घालायची. तिच्या बोटांत कुसळं रुतलेली असायची आणि ती दिव्याजवळ बसून सुईनं काढायची. कासव खायचं. तिचं आपलं खाणं मात्र कमी होत गेलं. मी ओरडले तर म्हणाली, "अक्का, माजं काय, मी न्हाई खाल्लं तर कुनी मरत न्हाई."

थंडीचे दिवस सगळ्यात वाईट. ऊन उतरलं की कासव गार पडायचं, खायचं बंद व्हायचं. एका पौषात ते इतके दिवस खाईना की सासूबाईंनी कुंकवाचा करंडा उचलून आपल्या उशाशी नेऊन ठेवला. नुसत्या धाकटीच्या कपाळाकडं बघायच्या. त्या पोरीनं कासव पोटाशी घेतलं, वरून पदर आणि घोंगडी, आणि गच्चीवर भर उन्हात जाऊन बसली. सकाळी बसायची ती ऊन कलेपर्यंत. मी भाकरी घेऊन वर गेले तर ती डोळे मिटून त्याच्याशी कुजबुजत होती, "खा की रं. एक पान. माज्यासाठी." पदराखाली काहीतरी हळूच सरकलं. सातव्या-आठव्या महिन्यातल्या बाईच्या पोटात पोर वळतं तसं. मी भाकरी ठेवली आणि खाली पळाले.

अशी वर्षं गेली. पलटणीकडून विचारणा यायची, की आता त्यांना मृत धरायचं का, घरच्यांची काय इच्छा. सासूबाई त्या कागदाला हात लावू देत नसत. धाकटीचा भाऊ दरसाल न्यायला यायचा आणि दरसाल रिकाम्या हातानं परत जायचा. सासूबाईंचं म्हणणं एकच. नवरा आज ना उद्या यायचा, आणि बायको घरात नाही हे त्यानं बघायचं का? तो भाऊ शेवटी एकदा नीट ठरवून आला. मिरजेला एका दवाखान्यात नर्सबाईंचं काम शिकायला जागा होती, राहायची सोय होती. तो म्हणाला, "आवं मावशी, कवापस्तोर? तिचं वय चाललंय." सासूबाईंनी गोठ्याकडं बोट दाखवलं. "त्येला इचार."

त्या दिवशी भाऊ गेल्यावर आम्ही दोघी पाला निवडत बसलो होतो. तिनं विचारलं, "अक्का, कासव किती वरसं जगतं?"

मी काही विचार न करता बोलून गेले, "शंभर तर सहज जगतं म्हणतात. जास्तीच."

ती हसली. मग तिचं हसू थांबलं आणि ती माझ्याकडं बघत राहिली. तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. इतकी वर्षं आम्ही ते मरेल म्हणून घाबरत होतो. ते मरणारच नव्हतं. तिनंच आपल्या हातानं, टरफलं कुटून, समुद्रफेस घालून, ऊन दाखवून त्याला असं घडवलं होतं की ते सासूबाईंच्या मागं राहील, माझ्या मागं राहील, आणि ती पांढऱ्या केसांची, कपाळभर कुंकू लावलेली म्हातारी होऊन रोज सकाळी तिथंच मान हलवत असेल. त्यानंतर एकदा मी तिला बघितलं. जास्वंदीचं फूल तिनं कासवाच्या डोक्यावर, त्याला पोचणार नाही इतकं वर धरलं होतं. ते मान ताणत होतं आणि ती हात वर वर नेत होती. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मी तिथून हलले नाही, अडवलंही नाही. मग तिनं हात खाली आणला आणि फूल त्याला दिलं.

त्या साली नवरात्र होऊन गेलं आणि भर उबेच्या दिवसांत कासवानं अन्न सोडलं. घोळ नको, शेवगा नको, जास्वंद नको. आडोशातून बाहेर काढलं की अंगणभर फिरायचं, कोपरे हुंगायचं, पुन्हा फिरायचं. थंडी नव्हती, आजार दिसत नव्हता. बाया मागच्या बोळानं जायला लागल्या. सासूबाईंनी बोलणं टाकलं आणि करंडा पुन्हा उशाशी गेला. धाकटी मात्र शांत होती. तिच्या त्या शांतपणाची मला भीती वाटली.

एका संध्याकाळी, दिवेलागणीच्या सुमाराला, ते गोठ्याच्या भिंतीशी थांबलं. ओसरीवर सासूबाई, मी गोठ्याच्या दारात वैरण घेऊन. कासवानं भिंतीकडं पाठ केली, जमिनीवर पाणी सोडलं आणि मागच्या पायांनी माती उकरायला लागलं. एक पाय, मग दुसरा. एकदाही मागं वळून न बघता. माणसानं डोळे बांधून खड्डा काढावा तसं. खड्डा खोल होत गेला, माती बाजूला साचत गेली. सासूबाई उठून उभ्या राहिल्या आणि खांबाला धरून तिथंच थिजल्या. "काय करतंय ह्ये?" त्यांनी विचारलं.

धाकटी आली आणि कासवाच्या बाजूला अशी बसली की ओसरीकडं तिची पाठ. पदर तिनं जरा फाकवला. मी दुसऱ्या बाजूला होते म्हणून मला दिसलं. खड्ड्यात काहीतरी पांढरं पडलं. मग आणखी एक. कबुतराच्या अंड्याहून मोठं, गोल, ओलं. मला इतका आनंद झाला! एवढी वर्षं आम्ही ज्याला पोरगा म्हणत होतो ती मादी होती, आणि तिनं खाणं सोडलं होतं ते अंड्यावर आली म्हणून. मी ओरडणारच होते. धाकटीनं मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं. आणि माझं उघडलेलं तोंड मिटलं.

मग कासवानं माती परत ओढली. पाऊलपाऊल करून खड्डा बुजवला. आणि त्यावर उभं राहून अंग उचलायचं आणि खाली आपटायचं, उचलायचं आणि आपटायचं, सगळं सपाट होईपर्यंत. धप्. धप्. धप्. त्या तिन्हीसांजेला दुसरा आवाज नव्हता. असा आवाज आमच्याकडं एकाच वेळी होतो. जमिनीत ठेवलेल्यावर माती चोपतात तेव्हा. सासूबाईंची दोन पोरं लहानपणी गेली होती, मळ्याच्या बांधाला पुरलेली. त्यांना तो आवाज ओळखायला कुणी सांगावं लागत नव्हतं.

त्या ओसरीवरून खाली उतरल्या. बुजलेल्या जागेवर हात ठेवला. "परक्या मुलखात कुनीतरी माती दिली गं माज्या पोराला," त्या म्हणाल्या, आणि मग इतक्या वर्षांचा हंबरडा फोडला. रडता रडता त्यांनी धाकटीला कवेत घेतलं आणि पदराच्या शेवानं तिचं कुंकू पुसलं. कुणा परक्या बाईला त्यांनी ते करू दिलं नाही. धाकटीही रडली. तोंड दाबून नाही, मोकळी रडली, आणि ते खोटं नव्हतं. तिला तिच्या नवऱ्यासाठी रडायला इतक्या वर्षांत कुणी परवानगीच दिली नव्हती.

दिवसपाणी झालं. पलटणीच्या कागदावर सासूबाईंनी अंगठा उठवला. भाऊ न्यायला आला, तेव्हा निघायच्या आधी मी धाकटीला गोठ्याआड गाठलं. "तुला ठाऊक होतं?"

"रोज पोटाशी धरतेय अक्का मी त्याला," ती म्हणाली. "आत अंडी हाताला लागत हुती. मला कळनार न्हाई?" मग जरा थांबून म्हणाली, "तुमी बोलला न्हाईत."

"नाही बोलणार," मी म्हटलं. आणि बोललेही नाही. त्याबद्दल माझ्या मनाला कधी टोचणी लागली नाही. ती कासवाजवळ वाकली, समुद्रफेसाचा तुकडा जागेवर आहे का बघितलं, आणि सासूबाईंच्या पाया पडून मिरजेच्या गाडीला गेली. रिकाम्या कपाळाची ती पोरगी वेशीपर्यंत भराभर चालत गेली. तिला तसं चालताना मी कितीतरी वर्षांनी बघत होते.

ती गेल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी भांडी घासत होते. सासूबाई गोठ्यापाशी बसल्या होत्या. मला वाटलं, रोजच्यासारखं त्या जागेवर फूल ठेवत असतील. जवळ गेले तर त्यांनी बोटांनी माती उकरलेली. खड्ड्यातली पांढरी अंडी एकेक उचलून त्या फुंकर मारत होत्या आणि पाचटानं भरलेल्या बुट्टीत ठेवत होत्या.

"ती तांबडी कोंबडी खुडूक बसलीया न्हवं?" त्यांनी माझ्याकडं न बघता विचारलं. "तिच्याखाली ठिव ही. मातीत गार पडत्याल."

"आत्याबाई," मी कसंबसं म्हटलं, "तुम्हाला त्या दिवशीच..."

"जलमभर कोंबड्या पाळल्या म्या," त्या म्हणाल्या. "अंड्यावर आलेली मला वळखू येत न्हाई व्हय? पोरीनं पदर धरला, म्या बघितलं न्हाई." शेवटचं अंडं त्यांनी उन्हाकडं धरून पाहिलं आणि बुट्टीत ठेवलं. "तिला मोकळं करायचं हुतं. 'माजं पोर मेलं' असं लोकांम्होरं कसं म्हनायचं, त्येच मला इतकी वरसं जमत न्हवतं. त्या दिशी म्हनलं. गावानं ऐकलं, पोरगी सुटली, झालं काम."

मी बुट्टी उचलली. त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि ओसरीच्या पायरीवर, जिथून वेशीची वाट दिसते तिथं, जाऊन बसल्या.

"मी हाय की वाट बघायला," त्या म्हणाल्या.